सातबारा कोरा झाला, पण पैसे कुणी भरले?

आमच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. आजी डोक्यावरचा पदर सारखा करून भिंतीला टेकून बसायची आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. तिच्यात एक ओळ आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. नगर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, दोन वर्षं पाऊस नीट नाही, आणि घरात उठता-बसता विषय एकच, सोसायटीचं थकलेलं कर्ज. मला वाटायचं आजी त्याच कर्जाबद्दल देवाला विनवते आहे.

पुढे कळलं की इथे ऋण म्हणजे पाप. आणखी बऱ्याच वर्षांनी हेही कळलं की लहानपणी मी जे ऐकलं ते फारसं चुकीचं नव्हतं. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा, तिच्यात कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द चालायचा, ‘होबा’. येशूने शिकवलेली ही प्रार्थना ग्रीकमध्ये लिहिताना त्याचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने ‘ऋणं’ हा शब्द ठेवला. लूकने त्याच जागी ‘पापं’ असं लिहिलं, पण पुढच्याच वाक्यात त्याच्याही लेखणीतून ऋणी माणूस आलाच. मराठी बायबलने मत्तयाचा शब्द जसाच्या तसा उचलला हे आपलं भाग्य, कारण या लेखात जे समजावून सांगायचं आहे त्याची किल्ली त्या एका शब्दात आहे.

प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, बहुतेक वेळा ख्रिस्ती नसलेल्या मित्रांकडून, आणि अगदी प्रामाणिकपणे. तुम्ही म्हणता देव न्यायी आहे. तुम्हीच म्हणता तो पापांची क्षमा करतो. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं? न्याय म्हणजे ज्याचं त्याला मिळणं. क्षमा म्हणजे जे मिळायला हवं होतं ते न मिळणं. खुनाच्या खटल्यातला न्यायाधीश ‘मी मनाने मोठा आहे’ असं म्हणून आरोपीला सोडून देईल, तर त्याला आपण दयाळू म्हणू का? मेलेल्याच्या आईला विचारून बघा.

प्रश्न खरा आहे आणि तो बायबललाही पडलेला आहे. ख्रिस्ती धर्मात हिशेबच नाही, रविवारी देवळात जाऊन माफी मागितली की झालं, असा एक समज आहे, तो आधी बाजूला ठेवू. ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ म्हणताना आपल्याकडे जो विश्वास बोलतो, तो बायबलमध्ये पानोपानी आहे. गलतीकरांच्या पत्रात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळतं, आणि देवाला कुणी फसवू शकत नाही. म्हणजे पेरावे तसे उगवते.

निर्गमच्या पुस्तकात, चौतिसाव्या अध्यायात, हा पेच एका श्वासात मांडलेला आहे. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केली, त्यांचा पुढारी मोशे याने संतापून आज्ञांच्या पाट्या फोडल्या, आणि आता तो नव्या पाट्या घडवून पुन्हा डोंगर चढून गेला आहे. तिथे देव स्वतःची ओळख स्वतः करून देतो : दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, अन्याय आणि अपराध आणि पाप यांची क्षमा करणारा. आणि लगेच, पूर्णविरामही न घेता : पण दोषीला मुळीच निर्दोष न ठरवणारा. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून तो लेखक पुढे जातो. त्याला विसंगती दिसली नसेल असं मला वाटत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीतलं काहीच सोडता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

त्याच पुस्तकात एका वस्तूचं वर्णन आहे. कराराचा कोश म्हणजे बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली पेटी. तिच्यात दहा आज्ञांच्या दगडी पाट्या. आणि पेटीवर झाकण म्हणून शुद्ध सोन्याचं, अडीच हात लांब आणि दीड हात रुंद असं एक आसन. मराठी बायबलमध्ये त्याला फार सुंदर शब्द आहे, दयासन. खाली नियम, वर दया. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक आत जाऊन त्या दयासनावर बलीचं रक्त शिंपडायचा. नियमांच्या पाट्या काढून टाकून तिथे दया ठेवली असं झालं नाही. पाट्या आत तशाच राहिल्या, आणि दया त्यांच्यावर बसली, तीही रक्त सांडल्यावर. पुढे रोमकरांच्या पत्रात येशूच्या मरणाबद्दल लिहिताना पौल जो ग्रीक शब्द वापरतो, तो या झाकणाचाच शब्द आहे. आणि तिथेच तो म्हणतो की देवाने हे अशासाठी केलं, की त्याने स्वतः न्यायी असावं आणि दोषी माणसाला नीतिमान ठरवणाराही असावं. आपला प्रश्न पौलाला नेमका ठाऊक होता हे या ओळीवरून कळतं.

पण पौलाची भाषा जड आहे. येशूने हेच एका गोष्टीत सांगितलं, आणि त्या गोष्टीतले आकडे नीट बघितले पाहिजेत.

येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाने माझा अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करू? सात वेळा? सात म्हणजे पेत्राच्या हिशेबाने भरपूर झालं. आपल्याकडे ‘शंभर अपराध भरले’ असं म्हणतात. शिशुपालाच्या आईला दिलेल्या शब्दामुळे कृष्णाने शंभर अपराध पोटात घातले आणि त्यानंतर चक्र सुटलं. पेत्रालाही तशीच एक संख्या हवी होती, जिच्यानंतर हात मोकळे होतात. येशू म्हणाला, सात वेळा नाही, सातांच्या सत्तर वेळा. आणि मग ती गोष्ट.

एका राजाने चाकरांचा हिशेब घ्यायला सुरुवात केली. एकाकडे दहा हजार तालांत येणं निघालं. तालांत हे त्या काळातलं पैशाचं सगळ्यात मोठं माप, आणि ग्रीक भाषेत दहा हजार ही एका शब्दात सांगता येणारी सगळ्यात मोठी संख्या. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार. एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. येशू ज्या गालीलात राहत होता, तो भाग आणि यार्देनेपलीकडचा पेरिया मिळून तिथला शासक हेरोद अंतिपा याला वर्षाला 200 तालांत महसूल मिळायचा, असं योसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवलं आहे. चाकराचं कर्ज त्या दोन्ही प्रांतांच्या 50 वर्षांच्या महसुलाएवढं. ऐकणारे हे ऐकून अवाक झाले असतील. चाकर पाया पडून म्हणतो, थांबा, सगळं फेडतो. फेडता येणार नाही हे त्याला सोडून सगळ्यांना कळतं. राजाला त्याची कीव येते आणि तो सगळं कर्ज सोडून देतो.

बाहेर पडताच या चाकराला दुसरा चाकर भेटतो. त्याच्याकडे याचे 100 दीनार असतात. ही रक्कमही क्षुल्लक नाही, तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी आहे. कुणाचे तीन महिन्यांचे पैसे बुडाले तर त्याला ते लागतंच, आणि येशूने ते लागणं नाकारलं नाही. पण पहिल्या कर्जापुढे ते सहा लाखांत एक आहे. पहिला चाकर त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं, राजा संतापतो, आणि माफी मागे घेतली जाते.

या गोष्टीवरची बहुतेक प्रवचनं इथे थांबतात : तुम्हाला क्षमा मिळाली, तुम्हीही करा. ते बरोबरच आहे. मला मात्र राजाच्या वहीत डोकवावंसं वाटतं. दहा हजार तालांतांचं पुढे काय झालं? चाकराच्या नावावरून ते उतरलं. पण ते पैसे कधीकाळी राजाच्या खजिन्यातून गेलेले होते आणि ते परत आले नाहीत. राजाने ‘सोडलं’ असं म्हटलं त्या क्षणी ते नुकसान राजाच्या अंगावर आलं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2017 साली राज्य सरकारने शेतकऱ्यांची दीड लाखांपर्यंतची थकीत कर्जं माफ करायचं ठरवलं, तेव्हा ज्यांना ती माफी लागू झाली त्यांच्या डोक्यावरचा बोजा उतरला. ‘सातबारा कोरा करा’ ही तर आपल्याकडची जुनी मागणी. पण बँकेच्या वहीतली रक्कम हवेत विरत नाही. ती राज्याच्या तिजोरीतून बँकेत भरावी लागते. कर्जमाफी म्हणजे कर्ज नाहीसं होणं नव्हे, ते दुसऱ्या कुणीतरी उचलणं. आणि हे पैशापुरतंच नाही. मित्राने माझ्याबद्दल खोटं पसरवलं आणि मी त्याला क्षमा केली, तर माझी गेलेली अब्रू परत येत नाही. मी ती त्याच्याकडून वसूल करायची नाही असं ठरवतो, म्हणजेच ते दुखणं मी माझ्याकडे ठेवून घेतो. ज्या क्षमेत क्षमा करणाऱ्याला काहीच सोसावं लागत नाही, तिथे बहुधा अपराधही झालेला नसतो.

ख्रिस्ती विश्वास क्रुसाबद्दल जे म्हणतो त्याचा गाभा, माझ्या समजुतीप्रमाणे, हा आहे. देवाने पापाकडे कानाडोळा केला नाही. हिशेब मांडला, रक्कम खरी धरली, आणि ती स्वतः उचलली. कलस्सैकरांच्या पत्रात यासाठी जो शब्द आहे तो कर्जदाराने आपल्या हाताने लिहून दिलेल्या कागदाचा आहे, मराठीत ऋणपत्र. ते ऋणपत्र खोडून वधस्तंभाला खिळलं, असं तिथे म्हटलं आहे. सातबारा कोरा झाला तो असा.

आता यावरचा सगळ्यात धारदार आक्षेप. सोळाव्या शतकातला इटालियन विचारवंत फाउस्तो सोझिनी याने तो मांडला. कर्ज माफ झालं असेल तर फेडण्याचा प्रश्न येत नाही. कर्ज फेडून घेतलं असेल तर ती माफी कसली, ती वसुली झाली. दोन्हीतलं एक बोला. त्याचा दुसरा आक्षेप असा की एकाचा दंड दुसरा भरू शकतो, पण एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला फाशी देणं हा न्याय नाही, तो दुहेरी अन्याय आहे.

आमच्या उपदेशांत एक दाखला नेहमी येतो : न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा उभा राहतो, न्यायाधीश कायद्याप्रमाणे त्याला दंड ठोठावतो, मग झगा उतरवून खाली येतो आणि खिशातून दंड भरतो. मी हा दाखला लहानपणापासून ऐकतो आहे आणि तो मला अपुरा वाटतो. दंडापर्यंत तो चालतो. खुनाला, बलात्काराला तो लावून बघा. सोझिनी लगेच समोर उभा राहतो.

याची उत्तरं चर्चने शतकानुशतकं शोधली आणि ती एकसारखी नाहीत. पहिल्या काही शतकांत जोर होता सुटकेवर : माणूस पाप आणि मरण यांच्या कैदेत आहे, ख्रिस्ताने खंडणी देऊन त्याला सोडवलं, मरणावर जय मिळवला. 1098 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने वेगळी मांडणी केली. पाप म्हणजे देवाचा जो मान आहे तो त्याला न देणं. ही भरपाई माणसाने द्यायला हवी, पण ती देण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. एक गोष्ट इथे नेहमी निसटते : अँसेल्मच्या मते ख्रिस्ताचं मरण ही शिक्षा नव्हती, भरपाई होती, आणि भरपाई मिळाली म्हणून शिक्षेची गरज उरली नाही. शिक्षा ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली, ही भाषा ठळक झाली ती सोळाव्या शतकात, धर्मसुधारकांच्या काळात. त्यांच्यातला कॅल्व्हिन कायदा शिकलेला होता आणि त्याच्या लिखाणात न्यायालयाचा वास आहे. बाराव्या शतकातला पीटर अबेलार्ड सांगत होता की क्रुसावरचं प्रेम बघून माणसाचं दगडी हृदय पाझरतं आणि तिथे तारण सुरू होतं.

सोझिनीला मी काय उत्तर देईन? त्याचा आक्षेप तिघे वेगवेगळे आहेत असं धरून चालतो : रागावलेला सावकार, कर्जदार, आणि मध्येच पकडून आणलेला निरपराध तिसरा. तसं असतं तर आक्षेप बिनतोड होता. पण ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की क्रुसावरचा माणूस तिसरा नाही, तो खुद्द राजा आहे. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याचं नुकसान झालं तोच नुकसान उचलतो आहे. म्हणून ही माफीही आहे आणि हिशेबही पुरा झालेला आहे. जी प्रवचनं रागीट बाप आणि मार खाणारा मुलगा असं चित्र रंगवतात, ती भलं करायच्या हेतूनेच देवाची बदनामी करतात, असं मला मनापासून वाटतं.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर हा सगळा कोर्टकचेरीचा सूरच कमी आहे. तिथे पाप म्हणजे आजार आणि देव म्हणजे वैद्य. सातव्या शतकात आजच्या कतारच्या भागात जन्मलेला इसहाक नावाचा एक संन्यासी निनवेचा बिशप झाला आणि थोड्याच दिवसांत ते पद सोडून एकांतात गेला. तो धिटाईने म्हणतो की देवाला न्यायी म्हणू नका. येशूच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत संध्याकाळी तासभर राबलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते, तिथे तुमचा न्याय कुठे दिसतो? त्याच्या लेखी दयेच्या वजनापुढे न्याय म्हणजे सोन्याच्या राशीपुढे वाळूचा कण.

इसहाक निनवेचा होता हे मला विलक्षण वाटतं. कारण निनवे हेच ते शहर, जिथे जायला योना संदेष्ट्याने नकार दिला. निनवे अश्शूरी साम्राज्याचं नगर, आजच्या मोसुलजवळ. अश्शूरांनी इ.स.पू. 722 च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं, लोकांना हद्दपार केलं. शेवटी योना तिथे गेला, लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने शहराला माफ केलं. योनाला पळून का जायचं होतं ते तो स्वतःच नंतर देवाला तोंडावर सांगतो : तू दयाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो. मोशेने ऐकलेले शब्द योनाच्या तोंडी तक्रार होऊन येतात. योनाची थट्टा करणं सोपं आहे. पण ज्यांची गावं जळाली त्यांच्या बाजूने बघा. जुलूम करणाऱ्याने पश्चात्तापाचं गोणपाट नेसलं आणि सुटला, हे पचवणं सोपं नाही. केरळातले सुरियानी ख्रिस्ती निनवेच्या लोकांच्या आठवणीने आजही दरवर्षी तीन दिवसांचा उपवास करतात.

आणि इथे आपण खऱ्या अवघड जागी येतो. देव आणि पापी यांचा हिशेब मिटला. ज्याचं नुकसान झालं त्या तिसऱ्याचं काय?

दावीद राजाने उरीया नावाच्या आपल्याच सैनिकाच्या बायकोला राजवाड्यात आणवलं, ती गरोदर राहिली, आणि ते झाकायला उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलं. नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो. दावीद चिडून म्हणतो, त्या माणसाने चौपट भरपाई द्यावी. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीद कबूल करतो, आणि त्याला तत्काळ क्षमा मिळते. पण तलवार तुझ्या घरातून जाणार नाही, हेही त्याच क्षणी सांगितलं जातं, आणि ते तसंच घडतं. म्हणजे क्षमेने परिणाम पुसले नाहीत. तरीही परंपरेने याच प्रसंगाशी जोडलेल्या 51 व्या स्तोत्रात ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं’ ही ओळ येते तेव्हा मी दर वेळी अडखळतो. उरीयाविरुद्ध नाही का केलं? त्याच्या बायकोविरुद्ध नाही का? जन्मलेलं लेकरू मेलं, त्याने काय केलं होतं? भाष्यकार म्हणतात की माणसाविरुद्धचा प्रत्येक अपराध शेवटी देवाविरुद्धच असतो, कारण तो माणूस देवाचा आहे. ते मला पटतं. लेकराबद्दल मात्र कुठल्याच भाष्याने माझं समाधान झालेलं नाही.

जक्कयाच्या गोष्टीत हे जास्त उलगडतं. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आधी ‘पैसे परत कर, मग येतो’ असं म्हणत नाही. क्रम महत्त्वाचा आहे. येशू घरी आल्यावर जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं काही अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात फसवणुकीला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढीच भरपाई होती. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. क्षमा मिळावी म्हणून त्याने भरपाई केली नाही, पण क्षमा मिळाल्यावर भरपाई केल्याशिवाय त्याला राहवेना. आणि त्या दिवशी यरीहोत ज्या ज्या घरी पैसे परत आले, त्यांच्या बाबतीत न्याय झाला.

कॅथलिक चर्चने हे प्रायश्चित्त संस्कारातच बसवलं आहे : मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूंपुढे पापनिवेदन, आणि मग झालेलं नुकसान शक्य तितकं भरून काढणं. चोरलेलं परत करा, कुणाचं नाव खराब केलं असेल तर ते सुधारा. आम्ही प्रोटेस्टंट लोक देवापुढे थेट कबुली देतो आणि कर्माने नाही, विश्वासाने नीतिमान ठरतो म्हणतो. आमच्या पंथाची सुरुवात ज्याच्यापासून झाली त्या लूथरने आयुष्याच्या शेवटी लिहिलं आहे की ‘देवाचं नीतिमत्त्व’ हे शब्द तो तरुणपणी अक्षरशः द्वेषाने वाचायचा, कारण त्याला त्यात फक्त शिक्षा दिसायची. ते देवाने द्यायचं दान आहे हे उमगल्यावर स्वर्गाचं दार उघडल्यासारखं वाटलं. ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच्याच परंपरेतला, हिटलरच्या राजवटीने एप्रिल 1945 मध्ये फासावर दिलेला पाळक डीट्रिख बोनहॉफर आम्हाला स्वस्त कृपेबद्दल बजावून गेला : पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा.

तिसऱ्याचा प्रश्न आपल्या देशात एका बाईने स्वतःच्या आयुष्यात सोडवून दाखवला. ग्रॅहम स्टेन्स हा ऑस्ट्रेलियन मिशनरी 1965 पासून ओडिशात बारीपदाजवळ कुष्ठरोग्यांची सेवा करत होता. 22 जानेवारी 1999 च्या रात्री मनोहरपूर गावात तो आणि त्याची दोन मुलं, 10 वर्षांचा फिलिप आणि 6 वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवून त्यांना जिवंत जाळलं. त्याची पत्नी ग्लॅडिस हिने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. ती देश सोडून गेली नाही, पुढची काही वर्षं कुष्ठरोग्यांचं काम चालवत राहिली. पण तिने क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला 2003 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

अनेकांना यात विसंगती वाटली. मला वाटत नाही. जे तिचं होतं ते तिने सोडलं : सूडाचा हक्क, द्वेषाचा हक्क. फिलिप आणि टिमथी यांच्या जिवाची किंमत शून्य आहे असं तिने म्हटलं नाही, आणि इतरांच्या मुलांना वाचवण्याची जी जबाबदारी न्यायालयाची आहे ती रद्द करण्याचा अधिकार तिला नव्हताच. रोमकरांच्या पत्राचा बारावा अध्याय संपताना पौल म्हणतो, सूड घेऊ नका, तो देवावर सोडा. आणि तेरावा सुरू होताच म्हणतो, वाईट करणाऱ्याला शासन करायला सत्ता नेमलेली आहे. अध्यायांच्या रेघा पौलाने मारलेल्या नाहीत, त्या कितीतरी शतकांनी आल्या. त्याच्या लेखी हा एकच विषय होता. क्रोएशियात जन्मलेले धर्मशास्त्रज्ञ मिरोस्लाव वोल्फ यांनी बाल्कनमधल्या यादवीच्या पार्श्वभूमीवर मांडलं की शेवटी देव न्याय करणार आहे या विश्वासामुळेच माणूस हातातली तलवार खाली ठेवू शकतो. हिशेब घेणारा कुणीच नाही असं वाटलं, की प्रत्येकजण आपापला हिशेब चुकता करायला निघतो.

दुसरी हकीकत मध्य प्रदेशातली. सिस्टर राणी मारिया इंदूरच्या परिसरात आदिवासी शेतमजुरांना सावकारीच्या विळख्यातून सोडवायला झटत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांना चालत्या बसमध्ये भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि तो 2006 मध्ये सुटला. 2017 मध्ये इंदूरला राणी मारिया यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं, तेव्हा तो तिथे हजर होता. इथे मात्र क्षमेच्या पुढचं पाऊल पडलं, समेटाचं. पण ते त्याच्या पश्चात्तापानंतर पडलं.

हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण क्षमेची शिकवण फार वाईट रीतीने वापरली जाते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘ख्रिस्ताने क्षमा केली, तूही कर आणि घरी परत जा’ असा सल्ला धर्माच्या नावाने दिला जाताना मी ऐकला आहे. हे पाप आहे. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघं लागतात. आणि विश्वास पुन्हा कमवावा लागतो. त्या बाईने क्षमा करावी आणि पोलिसांतही जावं, यात येशूच्या शिकवणीविरुद्ध काहीही नाही. आणि क्षमा कधी करायची, ते तिचं ती ठरवेल. राजाने माफी दिली ती स्वतःच्या खजिन्यातून, दुसऱ्याच्या कनवटीला हात घालून नव्हे.

दुसऱ्याच्या कनवटीवरून ती सगळ्यांना पाठ असलेली उधळ्या पुत्राची गोष्ट आठवते. धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली, दूर देशी जाऊन उडवली, भुकेला होऊन परतला. बाप धावत गेला, मिठी मारली, अंगठी, झगा, पुष्ट वासरू, मेजवानी. आपण इथे डोळे पुसतो. पण आपल्याकडच्या माणसाने वाटणीचा हिशेब करून बघावा. यहुदी नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा, म्हणजे दोन भावांत दोन तृतीयांश थोरल्याचा, एक तृतीयांश धाकट्याचा. धाकट्याने आपला हिस्सा केव्हाच फुंकला. घरात उरलेलं सगळं आता थोरल्याच्या वाट्याचं आहे. बाप त्याला म्हणतोही तसं : माझं जे काही आहे ते तुझंच आहे. म्हणजे ते वासरूही त्याचंच होतं. धाकट्याच्या क्षमेचा खर्च थोरल्याच्या हिश्श्यातून चालला होता, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. नाचण्या-वाजवण्याचा आवाज आला तेव्हा तो शेतातून येत होता. त्याचा राग मला समजतो.

बाप त्याला ‘तू कोण विचारणारा’ असं म्हणत नाही. भरल्या पंगतीतून उठून तो दुसऱ्यांदा घराबाहेर येतो. मघाशी एका मुलासाठी धावला होता, आता दुसऱ्यापुढे उभा राहून त्याची समजूत घालतो. ‘तुझा हा मुलगा’ असं थोरला म्हणतो. बाप हळूच दुरुस्त करतो : ‘हा तुझा भाऊ.’ लूकने यापुढे काही लिहिलेलं नाही. आत वाजंत्री चालू आहे, वाढलेली पानं थांबली आहेत, आणि म्हातारा बाप अंधारात अंगणात उभा आहे.